पत्र्याची बासरी आणि सात नंबरचा शिक्का

आमच्या ह्यांच्या त्या वस्तूला शिट्टी म्हटलेलं ह्यांना चालत नाही. बासरी म्हणायचं. आता तुम्हीच सांगा, दीड वीत लांब पत्र्याची नळी, वर सहा भोकं, तोंडाशी निळं प्लॅस्टिक, आणि सरळ तोंडात धरून फुंकायची. हिला बासरी म्हणायचं तर मग कारखान्याच्या भोंग्याला सनई म्हणावं लागेल. मी शिट्टीच म्हणते.

ती ह्यांनी लग्नाआधी कधीतरी जुन्या बाजारात घेतली. तेव्हापासून ती खिशात. शर्टाच्या खिशात मावत नाही, म्हणून ह्यांच्या प्रत्येक पँटच्या उजव्या खिशाला आतून चार बोटं जादा कापड लावायचं काम माझं. एवढं करूनही बसताना ह्यांना उजवा पाय लांब करूनच बसावं लागतं. लोकांना वाटतं बिचाऱ्यांचा गुडघा गेलाय. बसमध्ये एकदा एका म्हातारीने उठून ह्यांना जागा दिली, आणि हे बसलेही.

आम्ही दोघं एकाच कारखान्यात. कपबशांचा कारखाना. हे पॅकिंगला, मी वाजवणीला. वाजवणी म्हणजे काय, तर भट्टीतून भाजून, झिलई होऊन कप आला की तो डाव्या हाताच्या बोटाला कानाने अडकवायचा, उजव्या हातातल्या लाकडी दांडीने त्याच्या काठाला हलकेच टिचकी मारायची आणि ऐकायचं. चांगला कप खणखणीत वाजतो आणि नंतरही बारीकसा गुणगुणत राहतो. केसाएवढा जरी तडा असेल तरी आवाज बद्द येतो. डोळ्यांना तो तडा दिसत नाही, कानालाच कळतो. कप चांगला असला की बुडाला आपल्या नंबरचा शिक्का मारायचा आणि पुढं पाठवायचा. माझा नंबर सात.

हा शिक्का म्हणजे खेळ नव्हे. तडा गेलेल्या कपात कुणी उकळता चहा ओतला आणि कप हातात फुटला, तर तक्रार शिक्क्यावरून थेट बाईपर्यंत येते. माझ्याआधी चार नंबरची एक बाई होती. तिच्या कपाने कुणाचातरी हात भाजला. त्याच दिवशी तिला टेबलावरून उठवलं आणि माती चाळायला धाडलं. ती शेवटपर्यंत मान वर करून कुणाशी बोलली नाही. माझ्या सात नंबरवर एकतीस वर्षांत एक तक्रार नाही. मुकादम नव्या बायकांना माझ्या टेबलाशी आणून सांगायचे, ह्या बाईंचे कान बघा. कान काय बघायचे असतात का? पण मी पदर सारखा करून बसायची, खोटं कशाला बोलू.

तर आमची ओळख भांडणातून झाली. जेवणाच्या सुट्टीत मला कान शांत लागायचे, आणि पॅकिंगच्या पायरीवर बसून हा कोण नवा माणूस रोज शिट्टी फुंकत बसायचा. एक अख्खी चाल आणि एक अर्धी, एवढंच ह्यांचं भांडवल. तेव्हाही तेवढंच होतं, आजही तेवढंच आहे. अख्ख्या चालीत शेवटाकडे एक वरचा सूर आहे. तिथं आले की ह्यांचा डावा डोळा मिटायचा, खांदे वर जायचे आणि शिट्टीतून असा काही आवाज निघायचा की दाराच्या फटीत शेपटी सापडलेलं मांजर बरं. आठ दिवस सोसलं. नवव्या दिवशी गेले आणि म्हटलं, तुमचं तिसरं बोट भोकावर नीट बसत नाही, वारा सुटतो. हे म्हणाले, भोकच मोठं पाडलंय हो कारखान्यातून. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. हे हसले. दुसऱ्या दिवशी भोकाच्या कडेला मेण लावून आले आणि पुन्हा तिथंच, तसेच चुकले. वर मलाच विचारतात, आता? वर्षभराने आम्ही लग्न केलं. माझी आई म्हणाली, तुला सूर कळतो ना गं, मग हा कसा पसंत पडला? मी काय उत्तर देणार? माणूस चांगला होता, शिट्टी सोडून.

तीस वर्षांत ह्या शिट्टीने दिवे काय कमी लावलेत? लेक सहा महिन्यांची असताना दात येत होते, दुपारभर रडायची. एका रविवारी हे पाळण्याशी उभे राहिले आणि वरचा सूर लावला. पोर दचकून गप्प झाली. मी सांगते, घाबरून गप्प झाली. पण हे आजतागायत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की माझ्या बासरीने पोर शांत व्हायची. लेक आता स्वतः आई झाली, तरी तिच्यासमोर सांगतात, आणि ती लबाड मान डोलावते. बापाची लेक.

कारखान्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा मालक आले होते. कुणीतरी गंमत म्हणून ह्यांचं नाव कार्यक्रमात घातलं आणि हे खरंच स्टेजवर चढले. मी पहिल्या रांगेत, मान खाली घालून पायातल्या चपला मोजत बसलेली. सगळी चाल नीट गेली. मी म्हटलं, सुटलो. तेवढ्यात वरचा सूर आला, आणि मालक असे दचकले की त्यांच्या हातातला कप थेट फरशीवर. कप टणकन आपटला, गोल फिरला आणि उभा राहिला. बूड पाहिलं तर सात नंबर. त्या दिवशी टाळ्या मला पडल्या. हे मात्र घरी येताना म्हणाले, माझ्यामुळेच तुझं नाव झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

मी ह्यांना बेसूर म्हणायची, कानाचे कच्चे म्हणायची, नुसते फुंकणारे म्हणायची. चारचौघांत म्हणायची. ह्यांनी कधी राग धरला नाही. संध्याकाळी चहा झाला की गॅलरीत उभं राहायचं, अख्खी चाल वाजवायची, वरच्या सुराला शेजारच्या मास्तरीणबाईंनी धाडकन खिडकी लावायची आणि मी आतून ओरडायचं, चुकलात! हा रोजचा नेम.

मग गेल्या वर्षी माती बिघडली. म्हणजे मला वाटलं बिघडली. कप पूर्वीसारखे वाजेनात. टिचकी मारली की आवाज यायचा, पण मागची ती गुणगुण नाही. एकामागून एक कप बद्द. मी आठवडाभर निम्मा माल बाद केला. भट्टीवाला तणतणत आला. मी त्याला सुनावलं की तुमची भट्टी नीट तापत नाही, नाहीतर माती हलकी येतेय. तो मला मातीच्या गोदामात घेऊन गेला आणि पोती दाखवली. तीच पोती, तोच शिक्का, तीच माती. मी म्हटलं, पोती बदलत नाहीत हो, आतला माल बदलतो. मुकादमांनी हात जोडले, म्हणाले, बाई, जरा सांभाळून घ्या. मग मीही विचार केला, आता अशीच माती येणार तर कान जुळवून घ्यायला हवा. आणि घेतला. माल पुन्हा पूर्वीसारखा पास व्हायला लागला. सगळे खूश.

त्याच सुमाराची एक संध्याकाळ. हे गॅलरीत वाजवत होते, मी आत भांडी पुसत होते. चाल संपली आणि माझ्या लक्षात आलं, अरेच्चा, आज किंचाळी नाही. वरचा सूर कसा अलगद सरकून गेला, कुठं टोचला नाही. तीस वर्षांनी का होईना, साधलं बाई एकदाचं. मास्तरीणबाईंची खिडकी मात्र मिटलेली होती. म्हटलं वाऱ्याने लागली असेल. मी बाहेर गेले आणि मनापासून म्हटलं, "आज वरचा सूर छान लागला हो."

हे हसतील, मिरवतील, निदान मास्तरीणबाईंना हाक मारून सांगतील असं मला वाटलं होतं. हे नुसते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खरंच?" मी हो म्हटलं. ह्यांनी शिट्टी खिशात घातली आणि आत जाऊन बसले, उजवा पाय लांब करून. मला वाटलं गहिवरले. जीव तुटला माझा. तीस वर्षांत एक चांगला शब्द बोलायला माझं काय जात होतं? त्या दिवशी मी ह्यांना दोनदा चहा दिला.

दुसऱ्या दिवशी ओट्याशी उभी होते. सहज वळले तर हे अगदी माझ्या पाठीशी, शिट्टी ओठाला लावलेली. मी म्हटलं, अहो वाजवायची तर वाजवा, नुसती चोखत कशाला उभे राहिलात? ह्यांनी शिट्टी हळूच खाली घेतली.

त्यानंतर ह्यांचं काहीतरी बिघडलं. पॅकिंगचं काम रेंगाळायला लागलं. सुट्टीत पायरीवर वाजवणं बंद, संध्याकाळी गॅलरीतही बंद. डबा खाल्ला न खाल्ला की आत. मुकादम मला म्हणाले, तुमच्या साहेबांचे हात जड झालेत, पूर्वी चार खोकी व्हायची तिथं तीन होतात. मी घरी येऊन ह्यांना झापलं. वय झालं असेल तर सांगा, निदान डॉक्टरला दाखवू. हे म्हणाले, बघू. ह्यांचं बघू म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. लेक फोनवर म्हणायची, आई, हल्ली तू किती मोठ्याने बोलतेस. मी म्हणायची, तुझे बाबा ऐकत नाहीत म्हणून.

असे आठ महिने गेले. मग एक दिवस दुपारी वीज गेली, पट्टा थांबला, आणि मी म्हटलं बघू तरी हा माणूस दिवसभर करतो काय. पॅकिंगच्या शेडमध्ये गेले. हे खिडकीच्या उजेडात पाठमोरे बसले होते. समोर माझ्या टेबलावरून आलेले कप. एक कप डाव्या बोटाला अडकवला. उजव्या हातात शिट्टी. शिट्टीच्या टोकाने कपाच्या काठाला टिचकी मारली, मान तिरकी करून ऐकलं आणि कप कागदात गुंडाळला. दुसरा घेतला, टिचकी, गुंडाळला. तिसरा घेतला, टिचकी मारली, पुन्हा मारली, आणि तो न गुंडाळता टेबलाखालच्या खोक्यात अलगद ठेवला.

मी जाऊन ते खोकं ओढलं. आत बारा-तेरा कप. एक एक उलटा करून पाहिला. सात, सात, सात.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तुम्ही? तुम्ही माझे कप बाद करता? ज्या माणसाला आपली शिट्टी कुठं चुकते हे कळत नाही तो माझा शिक्का तपासणार? एकतीस वर्षांत कुणाची टाप नव्हती. मी खोक्यातला एक कप उचलला, ह्यांच्या हातातून शिट्टी हिसकावली आणि टिचकी मारली. मला तो चांगला वाजला. म्हटलं, ऐका! काय वाईट आहे ह्यात? ह्यांनी तो कप माझ्या हातातून घेतला, थर्मासमधला उरलेला चहा त्यात ओतला, थोडं थांबले, चहा खाली टाकला आणि फडक्याने कप पुसून माझ्यापुढे धरला. आतून, कानापासून बुडापर्यंत, एक तपकिरी रेघ. केसाएवढी. तड्याने चहा प्यायला होता.

दुसरा कप मीच घेतला. चहा मीच ओतला. त्यालाही रेघ. तिसऱ्याला चहा उरला नाही, आणि गरजही नव्हती. मी खाली बसले, तिथंच, पेंढ्यावर.

"कधीपासून?" मी विचारलं.

हे माझ्याजवळ बसले, उजवा पाय लांब न करता, कारण शिट्टी माझ्याच हातात होती. म्हणाले, "तीस वर्षांत तू पहिल्यांदा माझं कौतुक केलंस ना, त्या दिवशी. मी रोजच्यासारखाच चुकलो होतो गं. मास्तरीणबाईंनी खिडकी आपटली. आणि तू म्हणालीस छान. मला फार भीती वाटली."

दुसऱ्या दिवशी ओट्याशी ह्यांनी माझ्या पाठीमागे तो वरचा सूर तीनदा वाजवला होता, जीव तोडून. आणि मी म्हणाले होते, नुसती चोखत कशाला उभे राहिलात.

मला रडू आलं, ते कपांसाठी का कानांसाठी का ह्या माणसासाठी, कोण जाणे. माती चांगली होती. भट्टी चांगली होती. मीच आठवडाभर भट्टीवाल्याला फैलावर घेत होते, नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण आयुष्यभर ह्यांना ऐकवून. आणि दुसरी गोष्ट तर मला त्याहून लागली. ह्या माणसाला सूर लागत नाही म्हणून तो कळतही नाही, असं मी धरून चालले होते. ह्यांना सगळं ऐकू येत होतं. रोज आपला वरचा सूर चुकतो हे ह्यांना माझ्याइतकंच स्वच्छ ऐकू यायचं, आणि तरी हा माणूस तीस वर्षं दुसऱ्या दिवशी पुन्हा गॅलरीत उभा राहायचा.

हे म्हणाले, निवृत्तीला चारच वर्षं तर राहिलीत तुझ्या. मी आहे ना पुढे बसलेला. एक कप जाऊ देणार नाही. कुणाला कळायचंही नाही. मी म्हटलं, आणि तुम्ही एक दिवस तापाने झोपलात तर? त्या आठ महिन्यांत ह्यांनी एक रजा घेतली नव्हती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. दात दुखत होता तरी लवंग धरून कामाला जायचे.

सकाळी रेघ पडलेले ते दोन्ही कप घेऊन मी मुकादमांकडे गेले. चार नंबरच्या बाईची खाली घातलेली मान डोळ्यांपुढून हलत नव्हती, पाय मागे ओढत होते, पण गेले. मुकादमांना पटेना. मग मीच म्हटलं, घ्या परीक्षा. त्यांनी मला पाठमोरी उभी केली आणि दहा कप वाजवले, काही चांगले, काही तडकलेले. माझे पाच बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. मुकादम खाली बघायला लागले. म्हणाले, बाई, टेबलावर आता कुणाला बसवू? मी ह्यांचं नाव सांगितलं. शेडमधल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हसणारच, तीस वर्षं मीच तर त्यांना हसायला शिकवलं होतं. मी म्हटलं, आठ महिन्यांत सात नंबरवर एक तक्रार आली का? ते कान माझे नव्हते, ह्यांचे होते.

ह्यांनाही पाठमोरं उभं केलं. दहातले दहा. मग टेबलावर लाकडी दांडी हातात बसेना म्हणून ह्यांनी खिशातून शिट्टी काढली. मुकादम म्हणाले, चालेल, पण सुट्टीतही फक्त ठोकायचीच. नवा शिक्का देऊ लागले तर हे म्हणाले, सातच द्या, सवयीचा आहे.

आता मी पॅकिंगला असते. मान वर करून बसते. पहिल्याच दिवशी माझ्या हातून कागद तिरका गुंडाळला जायला लागला. मी म्हटलं, हा कागदच मेला वाकडा कापलाय. टेबलावरून आवाज आला, "आणि अंगण?" अख्खी शेड हसली. तीस वर्षं हा माणूस ती म्हण परत करायची वाट बघत होता. दिली, व्याजासकट दिली.

लेकीने मागं लागून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मशीन दिलं, दोन्ही कानांना. सगळं ऐकू येईल म्हणाले, पण केसाएवढ्या तड्याची हमी मी देणार नाही. मीही मागितली नाही. मशीन लावून बाहेर पडले तर जगाचा नुसता गोंगाट, माझ्याच चपलांचा आवाज मला कुणीतरी मागून येतंय असा वाटायचा.

घरी आले. संध्याकाळ होत होती. हे माझ्या तोंडाकडे बघत होते. आठ महिने झाले होते गॅलरीत वाजवून. मी म्हटलं, "अहो, ती बासरी काढा." ह्यांनी आधी गॅलरीचं दार उघडलं. मग काढली.

अख्खी चाल वाजवली. बोटं जरा अडखळत होती. शेवटाकडे आले, डावा डोळा मिटला, खांदे वर गेले आणि तो सूर माझ्या दोन्ही कानांतून आरपार गेला. दातांपर्यंत कळ गेली. शेजारी धाडकन खिडकी लागली, तीही मला ऐकू आली.

"चुकलात," मी म्हटलं. डोळे पुसायचं सुचलं नाही. "भयंकर चुकलात."

"खरंच?" ह्यांनी विचारलं. लग्नात नव्हता इतका ह्यांचा चेहरा फुलला होता. मी मान हलवली आणि हे तोच सूर पुन्हा, तेवढाच वाईट, वाजवायला लागले.